ज्यांची माती दूर झाली

जगदेव विळ्याने थडग्यांवरचे गवत कापत होता आणि एक थडगे तो दुसऱ्यांदा साफ करत होता. ते मोठ्या खुरसाच्या, म्हणजे क्रुसाच्या, पायथ्याशी होते. लहान पोरांना मिशनच्या स्मशानात तिथेच पुरायची रीत होती. त्याच्या लेकीचे थडगे हातभर लांबीचे. त्यावरचे गवत केव्हाच संपले होते, आता तो नुसती माती खरवडत होता.

फादर लुई छत्री घेऊन फाटकातून आत आले. त्यांनी थडग्याकडे पाहिले, मग विळ्याकडे.

"पुरे कर जगदेव. पोरीला लागेल."

जगदेवने विळा गवताला पुसला. पुसतच राहिला.

"फादर, एक इचारू का?"

"मागच्या रविवारी विचारलेस तेच?"

"तेच."

फादर खुरसाच्या ओट्यावर बसले. त्यांचे गुडघे आता दुखत. फ्रान्सातून येऊन त्यांचे आयुष्य या मेडशीच्या रस्त्यावरच्या मिशनात गेले होते, आणि मराठी ते पुस्तकातल्यासारखी बोलत.

"तुझ्या बायकोने बाप्तिस्मा घेतला नव्हता. घरी तू तिच्यासाठी माळ म्हण. मनात नाव घे. तुला कोणी अडवणार नाही. पण इथे, झगा घालून, सगळ्यांसमोर मी तिचे नाव घेऊ शकत नाही. ते माझ्या हातात नाही. मी राखणदार आहे, मालक नाही."

"वरसानुवरसं तिनं गिरजात फुलं देली."

"मला ठाऊक आहे."

"केर काढाले बी तेच ये."

"ठाऊक आहे, जगदेव."

फादर उठले. जाताना छत्री उघडायची विसरले आणि तशीच बगलेत धरून उन्हातून गेले.

मेलेल्यांच्या दिवशी गिरज्यात काळ्या झग्यातली मिस्सा झाली की मिशनची सारी वस्ती फादरांच्या मागे स्मशानात येत असे. प्रत्येक थडग्यापाशी त्या घरचे माणूस मोठ्याने नाव सांगे. फादर पाणी शिंपडून म्हणत, ‘प्रभू, याला सार्वकालिक शांती दे,’ आणि सगळे मिळून जाब देत, ‘अक्षय प्रकाश याच्यावर पडो.’ लहान पोरांपाशी मात्र फादर थांबत नसत. बाप्तिस्म्याचे पाणी घेऊन गेलेले बाळ थेट देवदूतांत जाते, त्याला प्रार्थना लागत नाही, असे ते सांगत. जगदेवच्या बायकोला, पंचफुलाला, हे कधी पटले नाही. ती दरवर्षी ओंजळभर झेंडू घेऊन पोरीपाशी उभी राही आणि फादर पुढे गेले की जगदेवला ऐकू जाईल अशा बेताने म्हणे, "माह्याच पोरीजवळून काहून पाय उचलते हा बुवा?"

पोर तापात गेली तेव्हा शेवटच्या घटकेला फादरांनी तिच्या कपाळावर पाणी घातले होते. वर्षभराने जगदेवनेही बाप्तिस्मा घेतला. पोर आहे तिकडे आपणही जावे, एवढेच त्याच्या मनात होते. पंचफुलाने घेतला नाही.

"तुमी पोरीजवळ जा," ती म्हणाली होती. "मी मायजवळ जाईन. दोघंबी एकीकडंच गेलो त मायजवळ कोन राहीन?"

ही वाटणी तिने इतक्या सहज केली होती, जणू एकाने मळ्यात थांबायचे आणि एकाने बाजाराला जायचे.

या श्रावणात ती गेली. वाशीमच्या दवाखान्यात नेत होते, मालेगावच्या पुढे बैलगाडीतच गेली. दवाखान्यापाशी तिचा धाकटा भाऊ उत्तमराव वाट पाहत उभा होता. त्याने गाडीत पाहिले, काही विचारले नाही, आणि गाडी तिच्या माहेरच्या, रिठदच्या रस्त्याला वळवली. किरिस्तावांच्या स्मशानात तिला जागा नव्हती. जगदेवला हे सांगावे लागले नाही, हे त्याने साळ्याचे उपकार मानले.

दहाव्याला जगदेव रिठदला गेला. विधीला तो बसला नाही, लांब बाभळीखाली उभा राहिला. नाल्याच्या काठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून होते, खाली येईनात. उत्तमरावने हात जोडून एकेक कबूल केले. मायबापाचे देव पुजीन, धाकटीला माहेर तोडणार नाही, तुझी गाय विकणार नाही. कावळे हलले नाहीत. ऊन चढले. भटजी दर्भाचा कावळा करायला निघाले, तेव्हा जगदेव बाभळीखालून ओरडला,

"मेलेल्याच्या दिवशी पोरीजवळ तुहं नाव घेतल्या जाईन! सारे जाब देतीन!"

एक कावळा उतरला. मग बाकीचे.

त्या दिवसापासून जगदेवला एका जागी बसवेना. जेवताना तो उठून दाराशी जाई आणि परत येई. मोट हाकताना बैल थांबले तरी तो सोंदुराचा दोर धरून उभा असे. कावळ्याचे आपल्याला काही नाही, असे त्याने फादरांना सांगितले होते. पण शब्द त्याने कावळ्याला दिला नव्हता.

*

जपान्यांनी रंगून घेतल्यापासून बर्मातून पळून आलेल्या माणसांच्या गोष्टी वस्तीवर येत होत्या. माणसे आली ती दिवाळीच्या थोडी आधी. नागपूरहून फादरांना निरोप होता की काही कुटुंबे तुमच्याकडे पाठवतो, घरी पोचायची सोय होईपर्यंत सांभाळा. अकोल्याहून येणारी कोळशावरची मोटर फाटकापाशी धापा टाकत थांबली आणि त्यातून काळीसावळी, वाळलेली माणसे उतरली. एक म्हातारा सुतार, एक नवरा-बायको दोन पोरांसह, आणि एक एकटी बाई. सगळी मद्रासकडची, रंगूनमध्ये राहिलेली, पिढीजात किरिस्ताव. बाईच्या अंगावरचे पातळ कोणत्या रंगाचे होते ते सांगता येत नव्हते.

"नाव काय बाई तुझं?" तुळसाबाईने विचारले. वस्तीतले देणे-घेणे तुळसाबाईच्या हातून होई, कोणी तिला नेमले नव्हते तरी.

"आरोग्यम्मा."

"घ्या. नाव आरोग्य, अन हिवतापानं पिवळी हयद झाली."

शाळेची खोली त्यांना दिली. तुळसाबाई घरोघर हिंडली. कोणाकडून ज्वारी, कोणाकडून जर्मनची पातेली, घोंगडी, चिमणी. जगदेवच्या दारात ती टोपली कमरेवर घेऊन उभी राहिली. जगदेवने वांगी आणि कोथिंबीर आणून टाकली.

"हे झालं खान्याचं. नेसाचं काय?"

जगदेव रिकामी पाटी झटकू लागला.

"जगदेवभाऊ, पेटीतली लुगडी काय उंदरायले ठेवून राह्यले?"

तो आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. शेवटी लाल काठाचे हिरवे लुगडे आणून त्याने टोपलीत वांग्यांवर ठेवले. तुळसाबाईने ते उचलून खांद्यावर घेतले, भाजीचा डाग लागू नये म्हणून, आणि आणखी काही न बोलता गेली.

दुसऱ्या दिवशी आरोग्यम्मा ते नेसून मळ्यात आली. जगदेवला पहिल्यांदा रागच आला. नऊवारी लुगडे तिने आपल्या तऱ्हेने गुंडाळले होते. कासोटा नाही, उरलेला सगळा बोंगा पोटाशी. पंचफुलाने पाहिले असते तर तिने तिथेच फेडून पुन्हा नेसवले असते.

"काम दो," ती म्हणाली. "बैठके खाना अच्छा नहीं लगता."

"तब्येत बरी नाही तुही."

तिने ऐकले नाही किंवा तिला समजले नाही. ती मिरचीच्या ओळीत शिरली आणि तोडू लागली. देठासकट, एका हाताने फांदी धरून. बरोबर तोडत होती. जगदेव मोटेकडे गेला.

दुपारी विहिरीच्या काठी बसून तिने भाकर खाल्ली. जगदेव उभाच होता. तिनेच बोलायला सुरुवात केली. तिची हिंदुस्थानी मोडकी होती, त्याचीही होती, म्हणून दोघांना पुरली.

"मेरा आदमी जंगल में गिरा. बारिश था. खोदने को कुछ नहीं. पत्ता डाला ऊपर. सब चलता था, हम भी चला."

जगदेवने विहिरीत पाहिले.

"इसका?" तिने लुगड्याचा काठ उचलला. "नाम?"

"पंचफुला."

"बीमार?"

"ताप. गाडीत गेली. वाशीमच्या रस्त्यानं."

आरोग्यम्माने मान हलवली. रस्ता हा शब्द तिला कळला होता.

*

फादरांनी शाळेच्या ओसरीवर बर्मावाल्यांना समजावून सांगितले की सोमवारी मेलेल्यांचा दिवस आहे. ज्यांचे माणूस या स्मशानात नाही, ज्यांची माती दूर झाली, त्यांची नावे मोठ्या खुरसापाशी घ्यायची. वस्तीतली चार माणसे, तुळसाबाई, जगदेव, सगळे तिथेच होते. म्हाताऱ्या सुताराने बायकोचे आणि दोन मुलांचे नाव सांगून पाहिले. सांगताना त्याने मुलांचे वयही सांगितले, ते कोणी विचारले नव्हते. मग फादर आरोग्यम्माकडे वळले.

"तुझ्या नवऱ्याचे नाव?"

ती गप्प.

"घाबरू नकोस. नाम क्या था?"

ती खाली पाहत राहिली. फादरांनी पुन्हा विचारले, आणखी हळू आवाजात. त्यांना वाटले, वाटेतल्या हालांनी बाईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. त्यांनी म्हाताऱ्या सुताराकडे पाहिले. तो म्हणाला, ही बाई आम्हाला अकोल्यालाच भेटली, मला काय माहीत.

"फादर," तुळसाबाई मागून म्हणाली, "बाईमानूस नवऱ्याचं नाव घेत असते का? एवढे बुढे झाले तुमी इथं, अन अजून ठाऊक नाही?"

फादर लाल झाले.

"पण मृतासाठी..."

"मेला म्हून काय झालं? नवराच नं? पंचफुलानं तरी कधी घेतलं होतं का याचं नाव? ‘काहो’ अन ‘आयकलं का’ करत गेली बिचारी. हिले आता उखाणा घालाले सांगता का गिरजात?"

माणसे हसली. आरोग्यम्मा पहिल्यांदाच थोडी हसली, कशाला हसतात ते न कळून. मग काही आठवल्यासारखी उठली आणि गिरज्यात शिरली. सगळे मागोमाग गेले. डाव्या भिंतीशी एका संताची मूर्ती होती, कडेवर बाळ येशू घेतलेली. तिने मूर्तीकडे बोट केले आणि पदर तोंडावर ओढला.

"अंतोनी!" तुळसाबाई ओरडली. "नवरा अंतोनी हिचा!"

पदराआड मान हलली.

"ठीक आहे," फादर म्हणाले. "पण खुरसापाशी नाव कोणीतरी सांगितले पाहिजे. तिच्यातर्फे कोण सांगेल?"

आरोग्यम्माने पदर बाजूला केला आणि जगदेवकडे पाहिले. जगदेवने फादरांकडे पाहिले. ज्याच्या बायकोचे नाव घेता येत नव्हते, त्याने दुसऱ्या बाईच्या नवऱ्याचे नाव सांगायचे होते. फादरांना ते कळले असावे. ते मूर्तीखालची विझलेली मेणबत्ती सरळ करू लागले.

"सांगीन," जगदेव म्हणाला, आणि कोणाची वाट न पाहता बाहेर गेला.

*

मेलेल्यांच्या दिवसाच्या आदल्या दुपारी उत्तमराव आला. बैलगाडीत कांद्याचे रोप होते, ते त्याने मळ्याच्या तोंडाशी उतरवले. जगदेव झेंडू तोडत होता. आरोग्यम्मा पलीकडच्या वाफ्यात होती.

"भाऊजी, रोप आनलं. चांगलं हाय. तिनं सांगितलं होतं मागच्या साली, तुह्यावालं बी आमाले दे म्हून."

"ठेव तिथं सावलीत."

उत्तमरावची नजर आरोग्यम्मावर गेली, तिच्या लुगड्यावर. त्याने ओळखले.

"हे कोन?"

"बर्मावाली. घरदार नाही. फादरकडं ठेवले हाय."

"लुगडं तुमी देलं?"

"हो."

उत्तमरावने काठावरून नजर काढली. मग म्हणाला, "बरं केलं," आणि जुवाची शिवळ काढून बैल सोडले.

पाणी पिऊन झाल्यावर तो मूळ गोष्टीवर आला.

"उद्या हाय नं तुमचा दिवस?"

"हाय."

"मी राह्यतो आज. आत येत नाही. तुमी बाभळीखाली उभे राह्यले होते, तसा मी काट्याच्या कुपाबाहीर उभा राहीन. मले फकस्त आयकाचं हाय."

जगदेवच्या हातातली फुलांची टोपली तिरपी झाली आणि दोन-चार फुले वाफ्यात पडली. ती त्याने उचलली नाहीत.

"उत्तम, थे जमत नाही."

"काय जमत नाही?"

"नाव. फादर नाही म्हनते. तिनं पानी घेतलं नव्हतं."

"मंग शबद कायले देला?" उत्तमरावचा आवाज चढला. "भाऊजी, मी काय काय कबूल केलं त्या दिवशी! गाय, देव, धाकटीचं माहेर. कावळा हालला का? तुमचं आयकूनच उतरला. म्हंजे तिचा जीव त्यातच होता. आता तुमी म्हनता फादर नाही म्हनते?"

"मी दोनदा इचारलं."

"दोनदा!" उत्तमरावने बैलाच्या पाठीवर उगीच थाप मारली. "मी माह्या बहिनीले सांगू काय, की दोनदा इचारलं?"

"मी एकटा घेईन नाव. तुह्यासमोर."

"एकट्याचं नाही म्हटलं होतं तुमी. सारे जाब देतीन म्हटलं होतं. मी तिथं होतो. भटजी होते. कावळे होते."

जगदेवने टोपली खाली ठेवली. तो वाफ्याच्या या टोकाला गेला, त्या टोकाला गेला, मग उगीच मोटेचे चाक तपासून आला. उत्तमरावने घोंगडी काढून गाडीखाली अंथरली. निजायची वेळ झाली नव्हती, तरी तो तिच्यावर पडला.

आरोग्यम्मा मिरचीची टोपली घेऊन आली. ती सगळे पाहत होती.

"भाई है?" तिने गाडीकडे मान केली. "पंचफुला का?"

"हो."

"गुस्सा है."

"नाम," जगदेव म्हणाला. त्याला शब्द जुळवायला वेळ लागला. "कल. क्रूस के पास. उसका नाम नहीं लेता फादर. मैंने बोल दिया था, लेगा. उसको बोला था, पंचफुला को. मरने के बाद."

तिने टोपली खाली ठेवली. वाफ्यात पडलेली झेंडूची फुले तिने एकेक करून वेचली, फुंकर मारून माती उडवली आणि जगदेवच्या टोपलीत टाकली. मग आपली टोपली उचलून शाळेकडे गेली.

*

मिस्सा झाली. फादर काळ्या झग्यात पुढे, मागे वस्ती, शेवटी बर्मावाले. ऊन कोवळे होते आणि गवत ओले. थडग्या-थडग्यापाशी नावे घेतली गेली. तुळसाबाईने आपल्या सासूचे नाव असे ओरडून सांगितले, जणू सासू अजून बहिरीच होती. जगदेव प्रत्येक ठिकाणी जाब देत होता, पण त्याचे लक्ष कुंपणाकडे होते. बोराट्यांच्या कुपापलीकडे उत्तमरावचे मुंडासे दिसत होते. ते हलत नव्हते.

फादर खुरसापाशी आले. पायथ्याशी पोरांची थडगी होती. जगदेवने सकाळीच लेकीच्या थडग्यावर झेंडू ठेवला होता. फादर थडगी चुकवून ओट्यापाशी उभे राहिले.

"ज्यांची माती दूर झाली," ते म्हणाले, "त्यांची नावे सांगा."

म्हाताऱ्या सुताराने सांगितली. फादरांनी पाणी शिंपडले, सगळ्यांनी जाब दिला. नवरा-बायकोने कोणा म्हातारीचे नाव सांगितले. वस्तीतल्या एकाने फौजेत गेलेल्या, आफ्रिकेत मेलेल्या भावाचे सांगितले. मग फादरांनी जगदेवकडे पाहिले.

जगदेव एक पाऊल पुढे आला. आरोग्यम्मा त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. आज तिने लुगडे काष्ट्याचे नेसले होते. तुळसाबाईने नेसवले असावे.

"अंतोनी," तो म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, "अंतोनी. बर्माच्या जंगलात."

"प्रभू, याला सार्वकालिक शांती दे."

"अक्षय प्रकाश याच्यावर पडो."

आरोग्यम्माने खुरसाची खूण केली. फादरांनी पाण्याची कुंचली भांड्यात ठेवली. भांडे धरणारा माणूस वळला, पुढची माणसे फाटकाकडे सरकू लागली. जगदेवने कुंपणाकडे पाहिले. मुंडासे तिथेच होते.

"फादर," आरोग्यम्मा म्हणाली. "और एक है."

फादर थांबले.

"नाव?"

"पंचफुला."

तुळसाबाईच्या हातातली माळ थांबली. फाटकाकडे निघालेली माणसे होती तिथेच उभी राहिली. जगदेवने बाईकडे पाहिले नाही. त्याने मान खाली घातली आणि डोळे झेंडूवर ठेवले.

फादर आरोग्यम्माकडे वळले.

"ही तुझी कोण लागते?"

आरोग्यम्माने लुगड्याचा काठ दोन बोटांत धरून दाखवला.

"कपड़ा दिया मेरे को."

फादरांनी काठाकडे पाहिले. लाल काठ, हिरवे अंग. कित्येक वर्षे तेच लुगडे भल्या सकाळी गिरज्याच्या पायरीवर फुले ठेवून, वाकून केर काढून जाताना त्यांनी पाहिले होते.

"रास्ते में गया, फादर," बाई म्हणाली. "मट्टी दूर है."

हे खरे होते. यात काही खोटे नव्हते. बाप्तिस्म्याचे फादरांनी विचारले नाही. बर्मावाल्यांच्या मेलेल्यांपैकी कोणाचेच त्यांनी ते विचारले नव्हते.

त्यांनी कुंचली पुन्हा भांड्यात बुडवली. पूर्ण बुडवली, दांड्यापर्यंत. खुरसावर पाणी शिंपडले, आणि हात खाली येताना थोडे पाणी पायथ्याशी झेंडूवर पडले.

"पंचफुला," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा नव्हता, लहानही नव्हता. "प्रभू, तिला सार्वकालिक शांती दे."

सगळ्यात आधी तुळसाबाई बोलली, आणि मग सारे.

"अक्षय प्रकाश तिच्यावर पडो."

कुपापलीकडे उत्तमरावने मुंडासे काढून हातात घेतले होते. तो त्यांच्याकडे पाहत नव्हता, वर पाहत होता, स्मशानातल्या निंबाच्या झाडाकडे, एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर. झाडावर काही नव्हते. मग तो बैलांकडे गेला.

फादर फाटकाकडे निघाले. माणसे चालू लागली. तेव्हा मागून जगदेवचा जाब आला, एकट्याचा, उशिरा.

फादर थांबले. जाब पुरा होईपर्यंत ते तिथेच पाठमोरे उभे राहिले.